शंभरात नऊ

देवमनने नळी झटकली. हात हलला, असं तो तासाभराने डॉक्टरबाईंना सांगणार होता, पण हात काही आपोआप हलला नव्हता. अंगठा आणि दोन बोटं यांत नळी नीट धरून, ताप पाहून झाल्यावर थर्मामीटर झटकतात तशी त्याने ती मनगटातून एकदाच झटकली. नळी रात्रभर बर्फाच्या पेटीत उभी होती. तळाशी मसुराच्या दाण्याएवढा तांबडा गाळ बसलेला आणि वरचं पाणी नितळ. हा गाळ सोडवायचा तर नळी आडवी करून दोन तळव्यांमध्ये हळूहळू फिरवायची असते, आजारी माणसाला कुशीवर वळवावं इतक्या हळू. हे त्याला चार वर्षांपासून येत होतं. नागपूरच्या प्रयोगशाळेत नवीन मुलं आली की बाई त्यांना देवमनकडे पाठवायच्या, याचे हात बघा म्हणून. आणि आज वाशीमला, कुष्ठतपासणीच्या शिबिरासाठी घेतलेल्या बंद कापूस-जिनिंगच्या ऑफिसात, सकाळी साडेआठला, खोलीत दुसरं कोणी नसताना, त्याने सतरा नंबरची नळी झटकली आणि मग ती खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिला. पाणी एकसारखं गढूळ झालं होतं. नळीवरच्या चिकटपट्टीवर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, जगदेव, आसेगाव.

आत काय मोडलं हे पाहायला त्याला मायक्रोस्कोपची गरज नव्हती. माणसाच्या रक्तात ज्या लहान, गोल पांढऱ्या पेशी असतात त्या दिसायला सगळ्या सारख्या. निळा रंग दिला की निळ्या होतात आणि एकीला झाकावं, दुसरीला काढावं. पण त्या सारख्या नसतात. कोणत्या पेशीच्या अंगावर कोणते हात आहेत यावर सगळं असतं. बाई त्यांना रिसेप्टर म्हणायच्या. देवमन मनातल्या मनात हातच म्हणायचा. एका जातीच्या पेशींना असे हात असतात की मेंढीची तांबडी पेशी जवळ आली रे आली की त्या तिला धरतात, चार-पाच धरून गुच्छ करून बसतात. दुसऱ्या जातीला हे हात नसतात, तिचे हात वेगळे, ती वेगळंच काही धरते. काही अशाही असतात की कशालाच धरत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात. आणि एकाच जातीतही कोणाला हात भरपूर, कोणाला तुरळक. तोंड पाहून काही कळत नाही. समोर मेंढीचं रक्त टाकायचं, रात्रभर गारव्यात ठेवायचं आणि सकाळी कोणी कोणी धरलं ते मोजायचं. माणसाच्या पेशीचं आणि मेंढीचं असं काय घेणंदेणं, हे बाईंनाही सांगता येत नव्हतं. पण धरायच्या खऱ्या. धडधाकट माणसाच्या शंभरातल्या साठेक धरायच्या. कुष्ठ अंगभर पसरलेलं असलं की हा आकडा खाली यायचा, चाळीस, तीस, कधी वीस. आणि ही पकड फार कच्ची असायची. नळीला एक झटका बसला की धरलेलं सगळं सुटायचं.

काल दुपारी नाव लिहिताना त्याला काहीच झालं नव्हतं, याचं त्याला आता आश्चर्य वाटलं. जगदेव काय, आसेगाव काय, नावं असतातच. त्याने चिकटपट्टी लावली, जीभ कोरडी पडल्यासारखी वाटली म्हणून माठातलं पाणी प्याला, आणि मग दारातून तो माणूस आला. चाळिशीचा असेल. भुवया झडलेल्या, कानाच्या पाळ्या जाड होऊन लोंबलेल्या, डाव्या हाताची दोन बोटं आत वळून अडकलेली. चेहऱ्यावरून कोणाला ओळखणं शक्यच नव्हतं. रोगाने पहिला चेहरा पुसून दुसरा दिला होता. पण तो स्टुलावर बसला आणि बसताना त्याने उजवा गुडघा हाताने दाबला, आणि देवमनने चिकटपट्टीवरचं नाव पुन्हा वाचलं. आसेगावच्या नाल्याच्या काठावर, चिंचेखाली, जगदेव असाच उजवा गुडघा दाबून बसलेला असायचा आणि मग उठायचा. तो उठला की त्याच्या वयाची पोरं उठायची.

सत्तावन्नचा उन्हाळा. आदल्या दसऱ्याला देवमनचा बाप पुंजाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. घरातले देव त्याने टोपलीत घालून नाल्यात सोडले, आणि वस्तीतल्या बाप्यांनी बसून ठरवलं की यापुढे मेलेलं जनावर ओढायचं नाही. ज्याचं जनावर त्याने ओढावं. गावाने चार-पाच महिने हसण्यावारी नेलं. जनावरंही त्या हिवाळ्यात कमी मेली, नशीबच म्हणायचं. मग चैत्रात जगदेवच्या बापाचा बैल गोठ्यात मेला. बोलावणं आलं, पुंजाजी गेला नाही. दुसरं आलं, तेव्हाही गेला नाही. तिसऱ्या दिवशी पुंजाजी अकरा वर्षांच्या देवमनचा हात धरून बाजाराला निघाला होता, तर नाल्याच्या उतारावर पंधरावीस जण उभे. देवमनला सगळे तोंडओळखीचे. त्यातल्या एकाने त्याला मागच्याच पोळ्याला खोबऱ्याचा तुकडा दिला होता, एकाचा पोरगा त्याच्या वर्गात होता. सगळे सारखे दिसत होते, पांढऱ्या बंड्या, पांढरी धोतरं. जगदेवने गाडीची उभारी उपसून आणली होती, बाभळीची, मनगटाएवढी जाड. पुंजाजी म्हणाला, “बापू, पोरगं हाय संगं, पोराले जाऊ दे.” आणि उभारी आली ती पुंजाजीच्या कोपरावर, ज्या हाताने त्याने देवमनला धरलं होतं त्याच हाताच्या. हाड मोडल्याचा आवाज देवमनच्या तळहातात झाला. कानात नाही, तळहातात. आणि त्याने हात सोडला.

त्याने हात सोडला आणि तो पळाला. नंतर उभारी कितीदा आली, डोक्यात कोणी घातली, खाली पडल्यावर कोणी लाथा मारल्या आणि कोण नुसतं उभं राहिलं, हे त्याने पाहिलं नाही. पुंजाजी अकरा दिवस जगला. वाशीमच्या दवाखान्यात त्याचं डोकं भोपळ्याएवढं झालं होतं आणि तो मधूनच मोडका हात उचलायचा प्रयत्न करायचा. फौजदाराने देवमनला समोर बसवून, पेढा देऊन विचारलं, डोक्यात कोणी मारलं ते तू पाहिलंस का. आई, केशरबाई, शेजारी उभी होती. देवमन म्हणाला, “मले नाई दिसलं. मी पयालो.” तो खरं बोलला होता. दुसरा साक्षीदार मिळालाच नाही आणि सगळे सुटले. केशरबाईने त्याला घेऊन आसेगाव सोडलं, नागपुरात चार घरची भांडी घासून त्याला शिकवलं, आणि एकोणीस वर्षांत एकदाही विचारलं नाही की तू हात कधी सोडलास. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं. रात्री झोपेत त्याचा उजवा हात आवळला जातो हे त्याच्या बायकोला माहीत होतं. ती म्हणायची, दिवसभर नळ्या धरता म्हणून होत असेल.

काल तपासणीचा माणूस तापाने पडला होता, म्हणून सुईचं कामही देवमनकडे आलं. कागदावर पंज्याचं चित्र छापलेलं असतं. आजाऱ्याने तोंड फिरवायचं, आपण टाचणीने टोचत जायचं आणि जिथे लागत नाही तिथे चित्रावर फुली मारायची. त्याने जगदेवचा हात आपल्या हातात घेतला. आसेगावच्या सवर्ण माणसाचा हात त्याने जन्मात पहिल्यांदा धरला होता. जड होता, कोरडा, चिंचेच्या सालीसारखा. “लागतं?” “नाई.” “इथे?” “नाई, साहेब.” करंगळीच्या खाली त्याने टाचणी जरा दाबली. मग आणखी. मग अंगठ्याने मागून रेटून, ती हाडाला टेकून थांबेपर्यंत. त्याच्या स्वतःच्या कानशिलावरून घाम उतरत होता. कातडीवर रक्ताचा थेंब फुगला. जगदेव दाराबाहेर बघत होता. तिथे धनगराने रक्तासाठी आणलेली मेंढी खांबाला बांधलेली होती.

“मेंढी कोनाची हाय, साहेब?”

“लागतं का इथे?”

“नाई. टोचा तुमी, काई नाई लागत मले.” मग थोडं थांबून, “गाभन दिसते.”

देवमनने टाचणी उपसली आणि पुन्हा घातली. शेजारी. मग मनगटाजवळ. सहावी की सातवी वेळ असेल, तेव्हा त्याला कळलं की आपले दात दुखेपर्यंत आवळलेले आहेत आणि समोरचा माणूस सुखाने मेंढीकडे बघतो आहे. त्याला ओरडावंसं वाटलं. ज्या हाताने उभारी धरली तो हात इथे होता, त्याच्या ताब्यात होता, आणि आत घरी कोणीच नव्हतं. इतकी वर्षं त्याने मनात या माणसाला कितीतरी प्रकारांनी मारलं होतं, दगडाने, तापल्या सळईने, नाल्याच्या पाण्यात मान दाबून, बसमध्ये उभ्याउभ्या, बायकोशी बोलताबोलता, आणि प्रत्येक वेळी तो माणूस किंचाळला होता. त्याने कापसाने रक्त पुसलं, चित्रावर फुल्या मारल्या, दंडाला रबरी नळी बांधली आणि दुसऱ्या हाताच्या शिरेतून दहा मिली रक्त काढलं. तेवढं मात्र त्याने हलक्या हाताने केलं. सवयीने केलं.

आता त्याने त्या गढूळ पाण्याचा थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि मोजायला बसला. मोजायचं कारण नव्हतं, पण मोजलं. निळ्या गोल पेशी एकेकट्या फिरत होत्या आणि त्यांच्या आजूबाजूला मेंढीच्या तांबड्या पेशी, हातभर अंतरावर, सुटलेल्या. एखादी पेशी मात्र दोन-तीन घट्ट धरून होती. तिच्यापाशी तो उगाच जास्त वेळ थांबला. दोनशे मोजल्या. अठरा गुच्छ. शंभरात नऊ. त्याने काच सरकवली आणि पुन्हा दोनशे मोजल्या, आणि या वेळी मोजताना पेशी राहिल्या नाहीत, उतारावरची ती माणसं आली. पांढऱ्या बंड्यांतली. याने धरलं, याने नाही, हा नुसता उभा, यालाच काय झालं म्हणून हा पुढे आला, याने मला खोबरं दिलं होतं. आणि त्यांच्यामध्ये एक लहान पोरगा, ज्याने धरलेलं होतं. झटका बसला आणि त्याने सोडलं. देवमनने डोळे चोळले. या वेळी सतरा निघाले.

कागद कोराच होता. नागपूरला सहा खाटा ठेवल्या होत्या. धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशींतून काढलेलं सत्त्व कुष्ठाच्या आजाऱ्याला टोचून त्याच्या पेशींना पुन्हा हात फुटतात का, ते पाहायचं होतं. ज्यांचा आकडा सगळ्यांत खाली त्यांना घ्यायचं, असा बाईंचा नियम होता, आणि त्यांचा नियम म्हणजे नियम. पाच खाटा भरल्या होत्या. सहावीसाठी दोघं उरली होती. एक जगदेव, आणि दुसरी मानोऱ्याकडच्या तांड्यावरची हिरीबाई, जेमतेम पंचविशीची. तिचा आकडा देवमनने परवाच काढला होता, एकतीस. सासूने तिचं अंगावरचं पोर काढून घेतलं होतं. रोज सकाळी ती ओट्याच्या टोकाला बसायची आणि देवमन दिसला की एकच विचारायची, “साहेब, दवा भेटन का मले? पोराले हात लावू देत नाई हो मले सासू.” जीप दहा वाजता निघणार होती. रक्त पुन्हा घेतलं तरी आकडा उद्या निघाला असता.

म्हणजे नऊ लिहिला तर जगदेवला खाट. झटकली कोणी म्हणून, तर देवमनने. आणि बक्षीस जगदेवला. देवमनला हसूच आलं, खोलीत एकट्याला, आणि त्या हसण्याचा आवाज त्याला आवडला नाही. साठ लिहिला तर जगदेव गेलाच. कोण बघतंय. अठराचे एकशेवीस करायला काय लागतं, एक पेन. त्याने पेन हातात घेतलंही. पण खोटा आकडा त्याच्याने लिहवेना. चार वर्षांत कधी लिहिला नव्हता आणि या माणसासाठी सुरुवात करायची म्हणजे त्याच्यासाठी आणखी एक काही गमावायचं. मग त्याला तिसरं दिसलं. बाईंना जाऊन खरं सांगायचं, नळी बिघडली, आकडा नाही. आकडा नाही म्हणजे खाट नाही. हिरीबाई जाईल, तिचा आकडा तर खरा आहे, तिचं काय वाईट आहे, उलट बरंच आहे. यात खोटं काहीच नव्हतं. आणि जगदेव राहील, इथे, ओट्यावर, एकेक बोट झडत. देवमनच्या छातीत काहीतरी गरम पसरलं. हिरीबाईचं पोर आपण मधे कशाला आणलं हे त्याला ठाऊक होतं, तरी तो ते पोर पुढे धरूनच खुर्चीतून उठला.

बाई पलीकडच्या खोलीत जीपमध्ये ठेवायची कागदपत्रं बांधत होत्या. “काय देवमन, सतराचा आकडा?”

“नाही निघाला बाई. गाळ सोडवताना हात हलला माझा. गुच्छ सुटले. नऊ येतात, पण ते खरे नाहीत.”

बाईंनी चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिलं. “तुमचा हात हलला?”

“हो.”

“अरेरे. मग त्यांना घेता नाही येणार. नियम सगळ्यांना सारखा.” त्यांनी यादीतल्या सतराव्या नावावर सरळ रेघ मारली. रेघ ओढताना पट्टी लावली. “पण तुम्ही येऊन सांगितलंत, देवमन. दुसऱ्या कोणी नऊ लिहून मोकळं झालं असतं, आणि मला कळलंही नसतं. माणसं अशी मिळत नाहीत हो. मी तुमच्या कागदात हे लिहिणार आहे.” आणि त्यांनी खरंच तिथेच एक ओळ लिहायला घेतली. देवमन त्या ओळीकडे उलटं वाचत उभा राहिला. प्रामाणिक हा शब्द त्याला उलटाही वाचता आला. इतकी वर्षं मनात मारलेले सगळे फटके एकीकडे आणि हा एकीकडे. हा बसला होता आणि त्यावर शाबासकी मिळत होती. “मीच सांगतो त्याला,” तो म्हणाला. बाई म्हणाल्या, बरं होईल, तुमच्या भाषेत सांगा.

शेडच्या ओट्यावर आठदहा आजारी सावली धरून बसले होते. हिरीबाई जीपजवळ उभी होती, तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं तरी. जगदेव गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. भाकरी बांधून आणल्या असणार, मोठं होतं.

“तुमचं नाही झालं,” देवमन म्हणाला.

“काहून, साहेब?”

“नळी बिघडली.”

“मंग पुन्ना घ्या रक्त. काल घेतलं तसंच. मी कुठी चाललो?”

“गाडी आता चालली. जागा एकच होती.”

जगदेव गाठोड्याची गाठ चाचपत राहिला. “बरं,” म्हणाला. “पुढच्या खेपेले?”

“पुढची खेप नाही.”

“बरं.”

एवढ्यावर देवमनने वळून जायला हवं होतं. काम झालं होतं. पण त्या दोन ‘बरं’नी त्याच्या हाताला काही लागलं नाही. फटका कापसात गेल्यासारखा झाला. त्याने खाली वाकून, एकोणीस वर्षं फक्त आईशी बोललेल्या बोलीत सांगितलं, “मी पुंजाजीचा पोरगा हाओ. देवमन. आसेगावचा.”

जगदेवने मान वर केली. झडलेल्या भुवयांखालचे डोळे त्याच्यावरून फिरले. “कोन्ता पुंजाजी?” त्याने विचारलं. आणि लपवत नव्हता, आठवून बघत होता, कपाळाला आठ्या घालून मनापासून. “चक्कीजवळचा? तो तं भुसावळले गेला ना पोरायकडे.”

“नाल्याजवळचा. तू उभारीनं मारलं त्याले. त्या उन्हायात. बैल मेला होता तुह्या बापाचा, अन् तो ओढाले आला नाई.”

तेव्हा जगदेवचा चेहरा उजळला. “ढवळ्या,” तो म्हणाला. “हो हो. ढवळ्या मेला होता त्या साली. काय बैल होता साहेब, दोन मान्सायचं काम करे. घटसर्प झाला त्याले. तीन दिस पडून होता गोठ्यात, फुगला, कोनी हात नाई लावला. मंग आमीच ओढला, मी अन् माह्या बापानं. माहा बाप रडे ओढता ओढता. कुत्र्यायनं खाल्लं त्याले, साहेब.” त्याच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्याने ते वळलेल्या बोटांच्या पाठीने पुसलं.

देवमनने त्याच्या कानाखाली मारली. गाठोडं मातीत पडलं आणि भाकरी बाहेर आल्या. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. एक जण अर्धा पाऊल पुढे आला, बाकीचे होते तिथेच राहिले. देवमनने पुन्हा मारली. मग डाव्या हाताने. मग जगदेव ओट्यावरून खाली घसरला तेव्हा त्याच्या छातीवर गुडघा देऊन, मूठ वळून, तोंडावर, जिथे पडेल तिथे, नाकातून रक्त आलं तरी, हिरीबाई जीपपाशी किंचाळली तरी. आपल्या तोंडातून पुंजाजी, पुंजाजी असं काही निघत आहे हे त्याला ऐकू येत होतं. बाई हातातला कागद घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. जगदेवने हात उचलले नाहीत, तोंड फिरवलं नाही. मूठ वर गेली आणि क्षणभर तिथे राहिली, तेवढ्यात जगदेवने तोंडातलं रक्त बाजूला थुंकलं आणि श्वास घेतला.

“मारा साहेब,” तो म्हणाला. “पन तो मले नाईच आठवून राह्यला.”